बेलियानचा बंपर

बुन्याऊच्या पिकअपने ओढा ओलांडला आणि पलीकडच्या चिखलात नाक खुपसलं. पुढची चाकं रुतली, मागची हलकी होऊन नुसतीच गरगरली. मागच्या हौद्यात खुराड्यातल्या कोंबड्यांनी कलकलाट केला.

शेजारी सासू बसली होती. तिला सगळे मेंगाची आई म्हणत. मेंगा म्हणजे बुन्याऊची बायको. दिवस मावळायच्या आत लांबघरी, म्हणजे अख्खं गाव एकाच छपराखाली राहतं त्या घरी, पोहोचून गवाईच्या, म्हणजे सुगीच्या सणाचं पहिलं ताट सासूनेच मांडायचं होतं. तिच्यावाचून सण सुरू होत नसे, आणि ती उशिरा पोहोचली तर बोल कुणाला लावायचा हे साऱ्या लांबघराचं आधीच ठरलेलं होतं.

"गाडी चांगलीय, आई," बुन्याऊ म्हणाला. "बंपर तेवढा जरासा जड झालाय."

जरासा! दुकानातला लोखंडी बंपर महाग म्हणून या पठ्ठ्याने बेलियानचा केला होता. बेलियान म्हणजे पाण्यात टाकलं की सरळ तळाला जाणारं लाकूड. जुनं लांबघर पाडलं तेव्हाचा एक ओंडका झुडपात पडला होता. फुकट ते पौष्टिक म्हणून त्याने तो उचलला, आणि गेला महिनाभर आपल्या काटकसरीची टिमकी वाजवत फिरत होता.

"काढतो आणि इथेच टाकतो. उद्या येऊन नेईन," तो पाना शोधत म्हणाला.

सासूही उतरली. बंपरपाशी वाकून तिने अंगठ्याने चिखल पुसला. लाकडावर वाकसाच्या तीन तिरप्या खुणा होत्या.

"ही माझ्या बापाची खूण."

"असेल."

"असेल काय, मुडद्या! हा आमच्या घराचा पहिला खांब! आधी हा उभा राहतो, मग घर. नव्या घरात न्यायला शोधून शोधून डोळे फुटले आमचे. आणि तू त्याला आडवा पाडलास?"

"आठ भोकंही पाडलीत," बुन्याऊ मान खाली घालून म्हणाला. "ड्रिलची सहा पाती मोडली."

"मोडणारच," सासू म्हणाली. क्षणभर तिचा चेहरा फुलला. मग तिने पुन्हा डोळे वटारले. "एवढासाच नव्हता तो. उरलेला कुठाय?"

बुन्याऊने हळूच दाराखालच्या लाकडी पायरीकडे पाहिलं. त्याच पायरीवर पाय देऊन मेंगाची आई सकाळी गाडीत चढली होती आणि आत्ता उतरली होती. तिने आधी पायरीकडे पाहिलं, मग स्वतःच्या चपलांकडे. दोन्ही चपला काढून तिने हातात घेतल्या. खांबावर पाय तिचाही पडला होता; आता जावयाला बोल लावायची सोयच उरली नाही.

"याला जमिनीवर टाकायचं नाही," ती एवढंच म्हणाली. गाडीला वळसा घालून ती मागून हौद्यात चढली आणि खुराडं सरकवून बरोबर मागच्या चाकांवर फतकल मारून बसली. "मी काही कमी जड नाही. घे मागे!"

चाकांनी जमीन धरली. गाडी गचके खात मागे सुटली, आणि बुन्याऊने ती कडेच्या खडकावरून वर काढली.

ऊन अजून झाडांच्या शेंड्यांवर होतं तेव्हा ते लांबघरी पोहोचले. कोंबड्यांत बसून आलेल्या मेंगाच्या आईला बघून लोक खो खो हसले.

"दात काय काढता? कोण घरी आलंय ते बघा!" तिने बंपरवरच्या तीन खुणांकडे बोट केलं.

हसू थांबलं. म्हातारे उठून उभे राहिले. पहिलं ताट ओसरीवर न मांडता गाडीच्या बॉनेटवर मांडलं गेलं: भात, अंडी, लाह्या, तांदळाची दारू. कुणीतरी पायरीपुढेही एक वाटी ठेवली. मग मेंगाच्या आईने आपल्या हाताने पेला भरून जावयाला दिला. लग्नाला पाच वर्षं झाली होती, पण असं पहिल्यांदाच घडत होतं. बुन्याऊला अगदी भरून आलं.

"आई," तो पेला संपवून म्हणाला, "परवा बाजारात जायचंय. गाडी काढली तर चालेल ना?"

"न चालायला काय झालं? पहिला खांब हलवायचा म्हणजे आधी एक डुक्कर कापायचं."

"एकदाच ना?"

"दर वेळी," सासू म्हणाली. "लांब जायचं असेल तर मोठं."