सैल नट

इंजिन चालू होतं, तरी बॅटरीच्या मीटरचा काटा बारा व्होल्टच्या पुढे सरकेना.

"चौदाच्या आसपास जायला हवा ना, बाबा?" मुलीने विचारलं.

"हो," म्हातारा नावाडी म्हणाला. "बॅटरीचा दोष नाही. चार्जच पोचत नाहीये तिच्यापर्यंत."

तिने इंजिन बंद केलं. दुपार पेंगत होती. पाण्यावरून परतलेला उजेड केबिनच्या छतावर संथपणे डोलत होता. त्याच्याकडे बघता बघता तिला वाटलं, होडी कधीच सुटली आहे आणि लांब कुठेतरी चालली आहे. पण दोर धक्क्याला बांधलेलाच होता.

दूरच्या बंदरात तिला काम मिळालं होतं. बापाने होडी तिच्या हवाली केली होती. दोनदा ती निघालीही. दोन्ही वेळा पहिल्याच मुक्कामी बॅटरीने मान टाकली आणि मच्छीमारांनी होडी ओढून परत आणली. नवी बॅटरी बसवली, तरी तेच.

आईने दोन्ही वेळा हसतमुखाने डबा भरून दिला होता. "जा गं बाई, आमची काळजी करत बसू नकोस," म्हणाली होती. आत्ताही ती धक्क्यावर पाय सोडून बसली होती आणि स्वतःशीच काहीतरी गुणगुणत होती.

इंजिनचा पट्टा ताठ होता. बॅटरीची टोकं स्वच्छ होती. मुलगी जाड तारेवरून बोट फिरवत, बॅटरी चार्ज करणाऱ्या डायनामोच्या मागे पोचली. तिथला नट नुसत्या बोटांनी फिरला. त्याच्या कडांवर पान्याचे ताजे, चकचकीत ओरखडे होते.

ती बापाकडे वळली.

"हा आपोआप सैल झालेला नाही, बाबा."

"नाही."

"तुम्ही?"

त्याने नकारार्थी मान हलवली आणि खिडकीतून धक्क्याकडे पाहिलं. गुणगुणणं थांबलं होतं.

"तुझ्या जन्माआधी मीही निघालो होतो. याच होडीतून, कायमचा," तो हळू आवाजात म्हणाला. "तेव्हाही हाच नट सैल निघाला. मी पाहिला, आणि बॅटरी गेली असं सांगून घरी परतलो. त्याचा कधी पस्तावा झाला नाही."

मुलीने नटावरचा हात काढून घेतला.

बापाने पाना तिच्या तळहातावर ठेवला.

"पण मी रागाने निघालो होतो. तू तशी निघालेली नाहीस. घट्ट कर तो."