घरात कोण हाय?

देहूचं घर विकून मी चऱ्होलीला लेकाच्या, रविराजच्या फ्लॅटात कायमची ऱ्हायला आले. दुपारी एकटीच होते, तर घरी ठेवलेल्या मोबाईलवर सोसायटीचं ॲप बोंबलायला लागलं: "तुमच्या घरात एक पाहुणा आहे."

लाटणं घेऊन पलंगाखाली, कपाटात, अगदी पिठाच्या डब्यातसुद्धा बघितलं. मग चाकणला, कंपनीत रविराजला फोन लावला.

"आई, ॲप गंडलंय गं. फोन बंद करून चालू कर."

सात वेळा केला. पाहुणा काय जाईना! शेवटी वॉचमनला वर बोलावलं. त्यानं आपल्या मोबाईलात यादी बघितली.

"घाबरू नका आजी, पाहुणा म्हंजी तुमीच. रविराजदादांनी रविवारपर्यंतच नोंद केलीय."