रक्ताचा माग

झिल्ला थबकली आणि आगाथाच्या हातातला लांब दोर सैल पडला. मक्याच्या कडेला आडव्या झालेल्या गवतावर रक्त होतं, वाळून काळं पडलेलं.

"आहे का काही?" बाबांनी मागून विचारलं. मचाणाच्या शिडीला धरून ते उभे होते.

"आहे. लागलंय त्याला."

"मग कुत्री नेईल तिकडे जा. मी घरी जाऊन बसतो."

काल संध्याकाळी रानडुकरावर गोळी झाडली, ते जखमी होऊन जंगलात गेलं, एवढंच त्यांनी सकाळी फोनवर सांगितलं होतं. एरवी डुकराचे सुळे, वजन, गोळी कुठे बसली, सगळं तिखटमीठ लावून सांगितलं असतं. थकले असतील, असं आगाथाला वाटलं. शेजारच्या गावातून ती तशीच निघून आली.

झिल्ला बाबांची. याग्टटेरियर जातीची शिकारी कुत्री, काळी-तांबूस, मूर्ती लहान पण कीर्ती महान. बिळात शिरून कोल्ह्याला बाहेर हुसकायची, तळ्याच्या लव्हाळ्यातून बदकं उचलून आणायची. जखमी जनावराचा माग काढण्यात तर खोऱ्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिला शिकवलं बाबांनीच, पण त्यांचे गुडघे गेले तसा दोर आगाथाकडे आला. बंदूक मात्र त्यांनी सोडली नव्हती.

गुडघ्यांपाठोपाठ डोळेही चालले होते. मागच्या महिन्यात दारात आलेल्या पोस्टमनला त्यांनी "ये रे योर्ग" म्हणून आत बोलावलं होतं. योर्ग, आगाथाचा भाऊ, दर भेटीत तिला म्हणायचा, "बंदुका काढून घे. तुझं ऐकतील ते." ती म्हणायची, "तू थोरला, तू सांग." आणि दोघंही गप्प बसायची. जन्मभर जंगलात वावरलेल्या माणसाला हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

झिल्ला नाक जमिनीला लावून ओढत होती. बीच वृक्षांची राई संपली, उतार लागला. एका काटेरी झुडपाला केस अडकले होते. आगाथानं ते बोटांत चोळून पाहिले. डुकराचे केस राठ असतात, टोचतात. हे मऊ होते. कुत्रीला परत फिरवावं असं क्षणभर वाटलं, पण झिल्लाला माग अर्धा सोडणं ठाऊक नव्हतं.

ओढ्याच्या खळग्यात वासरू पडलं होतं. काळंभोर, कानात पिवळा बिल्ला. गोळी पोटात लागली होती आणि ते अजून जिवंत होतं. डुकराच्या अंगावर बेधडक तुटून पडणारी झिल्ला चार हात लांबच उभी राहिली आणि कण्हल्यासारखी कुंईकुंई करू लागली. वासरानं मान उचलायचा प्रयत्न केला.

आगाथानं खांद्यावरची बंदूक काढली. आवाज खोऱ्यात घुमला आणि विरला. तिनं वासराचे डोळे मिटले. मग फर झाडाच्या फांद्या तोडून त्याच्यावर रचल्या, एकीवर एक, काळं काही दिसेनासं होईपर्यंत. ओढ्यात हात धुताना तिला कळलं, आपण हे झाकतोय.

जंगलाबाहेर कुरणाच्या कुंपणाशी वाल्लीमावशी उभी होती. शेजारीण, विधवा, गोठ्यात चार गाई.

"आगाथा, माझं वासरू दिसलं का गं? काल तिन्हीसांजेला तार तोडून गेलंय. हाका मारून घसा बसला माझा."

"नाही, मावशी."

"आणि आवाज कसला झाला? मिळालं वाटतं तुझ्या बापाचं डुक्कर?"

"मिळालं."

"बरं झालं मेलं. माझं अख्खं कुरण उकरून ठेवलंय या डुकरांनी." मावशीनं झिल्लाला कुरवाळायला हात पुढे केला. "गुणाची गं बाई तू. माझ्या वासराला शोधशील का?"

आगाथानं दोर आखडून घेतला. काहीतरी पुटपुटत ती झपाझप पुढे निघाली. पोटातलं ओठावर आलं असतं, आणखी थोडं थांबली असती तर.

बाबा स्वयंपाकघरात टेबलाशी बसले होते. समोरची कॉफी गार झाली होती, पावाला हात लावलेला नव्हता. झिल्ला त्यांच्या पायाशी जाऊन पडली.

"मिळालं?"

"हो. नर आहे, चांगला ऐंशी किलोचा." स्वतःचाच आवाज तिला परका वाटला. "खाली ओढ्यात पडलाय. योर्गला बोलावते, आम्ही दोघं काढू. तुम्ही नका येऊ, फार उतार आहे."

बाबांनी खाली हात घालून झिल्लाचा कान चाचपला.

"आगाथा," ते म्हणाले, "गोळी लागल्यावर ते हंबरलं. डुक्कर हंबरत नाही."

तिनं खांद्यावरची बंदूक उतरवून भिंतीला टेकवली.

"कालच उतरून जायला हवं होतं मी. पाय धजले नाहीत. रात्रभर तसंच पडून राहिलं असेल बिचारं. सकाळी तुला बोलावलं. म्हटलं, ही तरी माझ्या तोंडावर सांगेल."

"बाबा, मला वाटलं..."

"कळतंय मला तुला काय वाटलं ते."

टेबलाला रेटा देऊन ते उठले. खुंटीवरची टोपी पहिल्यांदा हाताला लागली नाही, दुसऱ्यांदा लागली. ती डोक्यावर नीट बसवून त्यांनी कोपर तिच्यापुढे केलं.

"धर. वाल्लीच्या दारातल्या पायऱ्या मला दिसत नाहीत."