सहाच्या वर

नाक्यावरच्या शिपाईबाईंनी श्रीरंगच्या मनगटाला वेदनामापकाचा पट्टा बांधला आणि आकडा पाहून मान हलवली. "चार. सहाच्या खाली दुखत असेल तर गांजाचं औषध राज्याबाहेर नेता येत नाही. बाटली इथेच राहील."

हेमांगी चक्रावली. नियमाप्रमाणे नवऱ्याने सकाळपासून थेंबही घेतला नव्हता, आणि औषधाशिवाय त्याच्या मणक्याचं दुखणं तीन वर्षांत कधी सातच्या खाली उतरलं नव्हतं. तिने स्टीयरिंगवरून मागे वळून पाहिलं. मागच्या सीटवर श्रीरंगला त्याची कॉलेजातली मैत्रीण शाल्मली कुठल्याशा नाटकातली फजिती सांगत होती आणि तो खुदुखुदु हसत होता. मडगावच्या लग्नाला तिलाही गाडीतून नेऊ, हा आग्रह त्याचाच होता.

हेमांगीच्या अंगाचा तिळपापड झाला. बाटली जाते तर जाऊ दे, असंही क्षणभर वाटलं. पण औषधाशिवाय चार दिवस तो कसा तळमळेल, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं?

"शाल्मली, तू जरा पुढे बस," ती म्हणाली. "बाई, एकदा पुन्हा मोजा."

ती मागे जाऊन नवऱ्याला खेटून बसली. त्याचा हात तिने घट्ट धरला. माझ्याजवळही आकडा चारच राहू दे, असं ती मनात म्हणत होती.

"साडेसात," शिपाईबाई म्हणाल्या आणि त्यांनी परवान्यावर शिक्का मारला.

श्रीरंगने सुटकेचा निःश्वास टाकला. "बरं झालं, तू मागे आलीस."