शून्य ॲम्पिअर

"करंट शून्य?" परीक्षक भाग्येश सरांनी निशाची उत्तरपत्रिका उंच धरून सगळ्या प्रयोगशाळेला दाखवली. "बाकी सगळ्यांचा रोध पाच ओहम आला. तुझ्यासाठी ओहमचा नियम वेगळा आहे का गं?"

पोरं हसली. हसणारच. अक्कलकुव्याच्या त्या कॉलेजात बारावीचं प्रात्यक्षिक कसं करायचं, ते ईश्वर सरांनी वर्षभर घोटून घेतलं होतं: आधी उत्तर, मग रीडिंग. रोध पाच ओहम ठरलेला. एक व्होल्टला करंट पॉइंट दोन, दोन व्होल्टला पॉइंट चार. मागच्या बॅचचे आकडेही हेच होते. कॉलेजात सेट एकच. प्रत्येकाने येऊन चावी बसवायची, मीटरला नमस्कार केल्यासारखं वाकायचं आणि जागेवर जाऊन पाठ केलेलं उतरवायचं. काट्याकडे खरंच बघायचा आगाऊपणा एकट्या निशाने केला.

ती सातपुड्यातल्या पाड्यावरची. तिला नर्सिंगला जायचं होतं. फिजिक्सचं प्रात्यक्षिक गेलं की नर्सिंग गेलं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी खोटं लिहायला तिचा हात वळला नाही.

"सर, काटा हललाच नाही," ती म्हणाली.

"नाचता येईना, अंगण वाकडं!" भाग्येश सर उठले. "थांब, तुला करंट दाखवतोच."

त्यांनी चावी बसवली. काटा हलला नाही. काचेवर टिचकी मारली, तरी ढिम्म. ईश्वर सरांनी वायरी ओढून पाहिल्या आणि शेवटी शिपाई दोधूवर खेकसले. दोधूने बॅटरीचा डबा उघडला. आत एकही सेल नव्हता.

"सेल तं सव्वीस जानेवारीले भोंगामा टाकात ना, सर," दोधू म्हणाला. "तुम्हीच सांगेल व्हतं."

हसू थांबलं. बिनसेलच्या डब्यातून पोरांनी दशांशापर्यंत अचूक करंट काढला होता. असले शास्त्रज्ञ शोधून सापडायचे नाहीत.

"आमच्या पाड्यावर पण असंच आहे, सर," निशा हळूच म्हणाली. "खांब आहे, तार आहे, वीज नाही. बिलात रीडिंग मात्र येतं."

मला विचाराल तर तिला तिथेच पैकीच्या पैकी द्यायला हवे होते. पण भाग्येश सरांपुढे अडचण उभी राहिली. हिला पास करावं, तर बाकीच्यांचा करंट कुठून आला ते सांगावं लागणार. नापास करावं, तर हिचा पेपर सोबत जोडावा लागणार आणि त्यातलं ते शून्य वर कुणीतरी वाचणार.

ईश्वर सर त्यांच्या कानाशी लागले. "आधी जेवी ल्या, सर. मटण गार व्हई ऱ्हायनं."

मटणात नंदुरबारची मिरची सढळ हाताने पडली होती. भाग्येश सर लालबुंद नाकाने परतले आणि बसल्या बसल्या पाणी मागितलं. निशा अजून तिथेच उभी होती. तिनेच ग्लास भरून दिला.

"गुणी पोर आहेस," घटाघटा पिऊन ते म्हणाले. मग पेन काढलं, इतरांना भरभरून गुण दिले आणि निशाच्या नावापुढे लिहिलं: गैरहजर.