वयाचा रकाना

तंजावूरच्या अर्थशास्त्राच्या शिक्षकांना दर जूनमध्ये आर्थिक साक्षरतेचं प्रशिक्षण असायचं. मुलांना शिकवण्याआधी बचतीचा तक्ता आपल्याच घरावर भरून बघायचा, असा तिथला नियम. वसुमती टीचरनेही मुकाट्याने भरला. मुलीचं नाव अखिला, वय चार, कॉलेजला अजून चौदा वर्षं.

प्रशिक्षक सतीशकुमार वर्षातून एकदाच भेटायचे. राजवाड्यामागच्या गल्लीतल्या मराठी घरातले, त्यामुळे वर्गात तमिळ बोलत असले तरी वसुमतीच्या बाकापाशी आले की घरची मराठी बोलायचे. फाइलीतून तिचा गेल्या वर्षीचा कागद काढून त्यांनी नव्या कागदाशेजारी ठेवला आणि ते हसले.

"टीचर, गेल्या वर्षीही चारच लिहिलं होतं तुम्ही. जुनाच कागद उतरवून काढलात ना? लेकरं कुठं थांबतात आपल्यासाठी? एक वर्ष चुकलं की पुढचा सगळा हिशोब चुकतो."

आजूबाजूच्या, दुसऱ्या शाळांतल्या दोघी-तिघी शिक्षिकाही हसल्या. वसुमतीला सांगता आलं असतं. पण मग सतीशकुमार ओशाळले असते, आणि दुपारी डबे उघडताना कुणालाच काय बोलावं ते सुचलं नसतं.

"चुकलंच, सर," ती म्हणाली.

शेजारणीकडून खोडरबर घेऊन तिने चार पुसलं आणि सावकाश पाच लिहिलं.



पाचव्या वाढदिवसाला अकरा दिवस उरले असताना गेलेली अखिला त्या रकान्यात पाच वर्षांची झाली.