निळ्या बटांना वाफ

उपचारांत धाकटीचे सगळे केस गेले. ती म्हणाली, "ताई, आता मला निळे ड्रेडलॉक्स हवेत. चांगले कमरेपर्यंत." तयार घेणं परवडणारं नव्हतं, म्हणून मी नायलॉनच्या केसांची स्वस्तातली पाकिटं आणली आणि घरीच जटांसारख्या चाळीस बटा वळल्या. आई म्हणाली, "हौसेला मोल नसतं म्हणे, पण माझ्या टेबलाला आहे. जाळू नकोस."

वळलेली बट ओल्या फडक्यात गुंडाळायची आणि केस सरळ करायच्या जुन्या मशीनमध्ये दाबायची. चुर्र होतं, वाफ निघते आणि पीळ कायमचा बसतो.

पहिली बट दाबली, तेव्हा आतल्या खोलीतून धाकटी कळवळली.

"काय गं?"

"काही नाही. चटका बसल्यासारखं वाटलं."

दुसऱ्या बटेला पुन्हा तेच. तिसरीच्या वेळी मी दार लावून घेतलं, तरी ती ओरडलीच. मशीन बंद करून मी आत धावले.

ती पलंगावर बसली होती. डोकं तुळतुळीत, कुठे लालीसुद्धा नाही.

"कुठे भाजतंय? दाखव बघू."

तिनं डोक्याला हात लावलाच नाही. कमरेजवळ, हवेत, बोटांनी काहीतरी अलगद धरलं आणि त्यावर फुंकर घातली.

"इथे," ती म्हणाली. "टोकांना."

तेवढ्यात स्वयंपाकघरातून आईची हाक आली, "अगं, एकेक करत कुठे बसतेस? उरलेल्या इकडे आणल्यात मी. पाणी उकळलंय, टाकते सगळ्या एकदम!"